नऊ तासांचा नांगर

माझ्या चुलत भावाचं वावर 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब आहे. आजोबांचे आठ एकर होते, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पलीकडं, उताराचे. पहिल्या वाटणीत बाबा आणि काकांना चार-चार एकर आले. दुसऱ्या वाटणीत काकांच्या चार एकराच्या चार उभ्या पट्ट्या पडल्या. उभ्याच पडल्या, कारण प्रत्येकाला पांदणीकडं, म्हणजे शेतरस्त्याकडं, तोंड हवं होतं आणि वरची बरड (हलकी, मुरमाड), खालची काळी सारखी वाटून हवी होती. वाटणी न्यायाची झाली. नांगराचं काय होईल, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही.

66 गुणिले 660 म्हणजे बरोबर एक एकर. रुंदीत दोन गुंठे, लांबीत वीस. मोजणीची जुनी गुंटर साखळी 66 फुटांचीच असायची, म्हणजे भावाचं वावर एक साखळी रुंद. हा काही अपवाद नाही. 1970-71 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या गणनेत ती 1.34 वर आली. विदर्भात वावरं अजून जरा मोठी आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गावागावात अशा पट्ट्या वाढतच आहेत.

दोन वर्षांपूर्वी भावानं नांगरटीला 50 एचपीचा ट्रॅक्टर बोलावला. मागं दोन फाळांचा हायड्रोलिक पलटी नांगर. चालक खाली उतरला, पट्टीकडं पाहिलं, शेजारच्या उभ्या हरभऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, इथं गाडी फिरवाले जागा कुठी हाय? शेजाऱ्याचा हरभरा तुम्ही भरून देसान का?" मग तो हरभरा निघेपर्यंत थांबला. तोवर जमीन विटेसारखी झाली होती. नांगरट झाली, फूटभर खोल झाली, दोन्ही धुऱ्यांना, म्हणजे शेजारच्या हद्दींना, तीन-तीन फूट सोडून झाली. 66 फुटांतले सहा फूट तसेच राहिले. एका एकरात नऊ टक्के वावर म्हणजे साडेतीन गुंठे. त्यातूनच कुंदा हे चिवट तण पुन्हा आत शिरलं.

तेव्हापासून मी गावात एक गोष्ट सांगत फिरतो आणि लोक हसतात. या पट्ट्यांचा नांगर 18 ते 25 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरमागं चालणारा, एका फाळाचा पलटी असायला पाहिजे. लोक म्हणतात, ते खेळणं आहे, आपल्या काळ्या जमिनीत टिकायचं नाही. त्यांच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. त्या अर्ध्याचाच हिशोब इथं मांडतो.

आधी पलटीचं काम समजून घेऊ. साधा लोखंडी नांगर माती एकाच अंगाला, उजवीकडं टाकतो. त्यामुळं एक फेरी मारून त्याच ओळीनं परत येता येत नाही, गोल फिरावं लागतं. मधून सुरुवात केली तर मधोमध वरंबा चढतो, कडेनं सुरुवात केली तर शेवटी मधोमध नाली उरते. मोठ्या वावरात ही नाली वखरानं बुजते. 66 फुटांच्या, उताराच्या पट्टीत ती पट्टीच्या पोटातून सरळ खाली उतरते. पहिल्याच मोठ्या पावसात तिचा ओघळ होतो आणि वरची माती भावाच्या वावरातून निघून नाल्यावर जाते. पलटी नांगराला फाळांचा एक जोड वर, एक खाली असतो. टोकाला गेलं की नांगर उचलायचा, उलटा करायचा आणि त्याच ओळीला लागून परत यायचं. माती सगळी एकाच बाजूला पडत जाते. मधे वरंबाही नाही, नालीही नाही. यंदा पूर्वेच्या धुऱ्याकडून सुरू केलं तर पुढच्या नांगरटीला पश्चिमेकडून करायचं, म्हणजे माती जागची जागी राहते. धुऱ्यावरून तहसीलपर्यंत गेलेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या एका ओळीच्या मातीची किंमत सांगायला नको.

पलटीची किंमत वजनात मोजावी लागते. एक जोड जमिनीत काम करतो तेव्हा दुसरा हवेत नुसता बसून असतो, आणि ते ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या अंगावर येतं. मिनी ट्रॅक्टर स्वतःच साधारण 800 किलोचा. मागं जड नांगर उचलला की पुढची चाकं हलकी होतात, टोकाला वळताना स्टिअरिंग ऐकत नाही. पुढं वजनं लावावी लागतात. दुकानात हे कुणी आपण होऊन सांगत नाही.

आता ओढीचा हिशोब. जड काळ्या जमिनीत नांगराला दर चौरस सेंटीमीटर कापामागं पाऊण किलोच्या आसपास ओढ लागते, हा वाफसा, म्हणजे मशागतीपुरती ओल, असतानाचा पुस्तकी आकडा. दहा इंच रुंद कापणारा एक फाळ सहा इंच खोल गेला तर काप 375 चौरस सेंटीमीटरचा, ओढ सुमारे 280 किलो. आठ इंचांवर 375 किलो. बारा इंचांवर 560. आणि 800 किलोचा ट्रॅक्टर चाकं न घसरवता फार तर आपल्या वजनाच्या निम्मं ओढतो, म्हणजे 400 किलो. इथं इंजिनाचा एचपी कामाला येत नाही. इंजिनात जोर असतो, पण चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून मिनी ट्रॅक्टर सहा इंचांवर मजेत चालतो, आठ इंचांवर घाम गाळतो, बारा इंचांवर जाऊच शकत नाही. मार्चनंतर सुकलेल्या काळीत तर सहा इंचही विसरा. लोकांचं अर्धं खरं ते हे.

उरलेलं अर्धं मी त्यांना उलट विचारतो. बारा इंच पाहिजे कुणाला?

वऱ्हाडात दरवर्षी नांगरण्याची रीत कधी नव्हतीच. जुने गॅझेटिअर उघडा किंवा घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला विचारा. दरवर्षी चालायचा तो वखर. वखराची पास दोन-तीन इंचांत फिरायची, तण कापायची, वरची माती मोकळी करायची. नांगर निघायचा तो काही वर्षांनी एकदा, कुंदा किंवा हरळी माजली की. मग तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपायच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बैल मागून आणायचे. एक जोडी दिवसभर 80-90 किलो ओढते. तीन जोड्यांची ओढ झाली अडीचशे-पावणेतीनशे किलो, म्हणजे आजचा मिनी ट्रॅक्टर सहा इंचांवर ओढतो जवळपास तेवढीच. ज्याला आपण खेळणं म्हणतो ते आजोबांच्या सहा बैलांइतकं काम करतं. आजोबांना ते कमी वाटलं नव्हतं.

आणि काळी जमीन स्वतःच नांगरते, हे शास्त्रातही आहे आणि डोळ्यांनाही दिसतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती भेगांत उतरते, पावसाळ्यात जमीन फुगते आणि खालचं वर येतं. ज्या जमिनीत एप्रिलमध्ये हात कोपरापर्यंत आत जातो, तिला फूटभर उलटून आपण नेमकं काय देतो?

भावाला काय मिळालं ते मी पाहिलं आहे. त्याच्या पट्टीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात काळी माती जेमतेम आठ-नऊ इंच आहे, खाली चुनखडीचे खडे आणि मुरूम. मोठ्या पलटीनं तो थर वर आणला. जूनमध्ये सोयाबीन उगवलं, तीन आठवड्यांनी वरच्या भागात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. चुना वर आला की जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, तेच झालं. त्यानं फवारण्या केल्या. खालच्या काळीतलं सोयाबीन कमरेला आलं आणि वरचं वीतभर राहिलं. दोष चालकाला देऊन उपयोग नव्हता, त्याला खोलीचेच पैसे मिळतात. "कशी नांगरट झाली पाहा, माणूस गाडला जाईन," असं तो कौतुकानं सांगत होता आणि आम्हीही कौतुकानं ऐकत होतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर गोष्ट आणखी वाईट. तिथं खालचा थर चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट झालेला असतो, तो वर आणून ठेवला की पाणी जिरायचंच थांबतं.

आपल्याकडं खोल नांगरट ही इभ्रतीची गोष्ट झाली आहे. रस्त्याकडेच्या वावरात हंड्याएवढी ढेकळं पडलेली दिसली की जाणारा-येणारा मान डोलावतो. त्या ढेकळांचं पुढं काय होतं तेही सांगावं. ती फुटत नाहीत म्हणून रोटाव्हेटर बोलावतात. रोटाव्हेटर वरचे चार-पाच इंच पिठासारखे करतो आणि खाली तळ घट्ट करत जातो. मग तो तळ फोडायला पुन्हा खोल नांगर. दोन्ही वेळा डिझेल आपलंच.

बोंडअळीचा मुद्दा कुणीही काढेल, आणि काढायलाच पाहिजे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीची जी दैना केली ती आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी राखू नका, पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) वेळेत काढा, उन्हाळ्यात नांगरून कोष उन्हात आणा, हे तेव्हापासून दर हंगामात सांगितलं जातं आणि ते बरोबर आहे. पण कोष फूटभर खाली बसलेले नसतात, वरच्या थरातच असतात. सहा इंचांची पलटणी त्यांना पुरते. मार्चमध्ये पऱ्हाटी उपटल्यावर जमीन कडक व्हायच्या आत, दोन-चार दिवसांत नांगर लागला तर. मोठ्या ट्रॅक्टरचा नंबर लागेपर्यंत ते दिवस निघून जातात.

दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत नांगर नकोच म्हणते. गादीवाफे एकदा करायचे आणि पुढं जमीन न हलवता तिथंच पीक घ्यायचं. मला ती पटते. विदर्भातही काही जण सोयाबीन आणि कपाशीत तसं करून बघत आहेत. पण ज्याच्या वावरात कुंदा आणि हरळीनं घर केलं आहे, त्याला वाफे करण्याआधी एकदा तरी जमीन उलटावीच लागते, नाहीतर पुढची सगळी वर्षं तणनाशकाच्या डब्यावर जातात. म्हणून माझा नांगर दर तीन-चार वर्षांनी एकदा निघणारा आहे. आजोबांच्या नांगरासारखा.

इथून प्रश्न सरकारी होतो.

भावाच्या एका एकराला मिनी पलटीनं किती वेळ लागतो ते काढू. 66 फूट म्हणजे वीस मीटर, दर फेरीला पाव मीटर, म्हणजे 80 फेऱ्या. प्रत्येक फेरी दोनशे मीटरची, एकूण 16 किलोमीटर चाल. ताशी चार किलोमीटरनं चार तास, वर 80 वळणांचा अर्धा तास. साडेचार तास. मोठा ट्रॅक्टर हेच दीड तासात उरकतो, हे कबूल. माझ्या वाट्याला दोन एकर आहेत, म्हणजे नऊ तास. मराठीत घड्याळाच्या तासाला आणि नांगराच्या ओळीला एकच शब्द आहे, हे मला या हिशोबाच्या वेळी पहिल्यांदा जाणवलं. तर माझ्या वावरात नांगराचं काम आहे नऊ तासांचं, तेही दर तीन वर्षांनी. वर्षाला सरासरी तीन तास. एवढ्यासाठी मी नांगर विकत घ्यावा, अशी योजना आहे.

2014-15 पासून केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान चालू आहे. अल्प आणि अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना अवजारावर 50 टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना 40 टक्क्यांपर्यंत अनुदान, त्या-त्या अवजाराच्या कमाल मर्यादेत. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. योजनेचा हेतू चांगला आहे, पण तिचा भर ज्याच्या सातबाऱ्यावर नाव त्याच्या दारात लोखंड उभं करण्यावर आहे. दोन एकरवाल्यानं निम्मे पैसे स्वतःचे घातले, बहुधा कर्जानं, आणि नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकला. तो वर्षातले 364 दिवस तिथंच गंजतो. आमच्या गावात असे नांगर मी मोजू शकतो. एकाला तर पोरांनी गाईची दावण बांधली आहे.

अवजार बँकेची, म्हणजे गटानं अवजारं ठेवून भाड्यानं देण्याची, तरतूद याच अभियानात आहे, आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गटांना अवजारं मिळाली. माझं म्हणणं एवढंच की पलटी नांगराचं अनुदान फक्त तिकडंच वळवावं. गटाला मिनी ट्रॅक्टर आणि पलटी एकत्र द्यावा, आणि दोन अटी घालाव्यात. पहिली, दोन एकराच्या आतल्या पट्ट्यांचा नंबर आधी. आज भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी मोठं वावर धरतो, त्यात त्याची चूक नाही, फिरण्यात डिझेल जातं. पण त्यामुळं लहान पट्टीचा नंबर नेहमी जमीन कडक झाल्यावर लागतो. दुसरी अट, भाडं एकरावर नको, तासावर. एकरावर भाडं असलं की चालक घाई करतो, धुऱ्याची कड सोडतो. तासावर असलं की शेतकरी बांधावर उभा राहून कडेपर्यंत नांगर नेऊन घेतो आणि खोलीही स्वतः ठरवतो. काही जण म्हणतील, तासावर असलं तर चालक रेंगाळेल. रेंगाळू द्या, मालक उभाच आहे.

एका ट्रॅक्टरनं भागेल का? सोयाबीन निघाल्यावर ज्या वावरात हरभरा घ्यायचा नाही, तिथं ओल टिकते ते वीस-पंचवीस दिवस. दिवसाचे आठ तास धरले तर 200 तास, साडेचार तासांनी एक एकर, म्हणजे 44 एकर. दर तीन वर्षांनी पाळी आली तर एक मिनी पलटी 130 एकर सांभाळतो. लहान गावातल्या लहान पट्ट्यांना दोन पुरतील. हाच ट्रॅक्टर पुढं पेरणीला, कपाशीत डवरणीला (ओळींमधलं तण काढायला), फवारणीला चालतो. मोर्शी-वरुडच्या संत्राबागांत असे ट्रॅक्टर झाडांमधून आधीपासून फिरतच आहेत.

आणखी एक लहान मागणी आहे. नांगराच्या विक्रीपत्रकावर "15 ते 25 एचपी" एवढंच लिहिलेलं असतं. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टर तपासणारी केंद्रीय संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून आहे. काळ्या जमिनीत, वाफशात, सहा आणि आठ इंचांवर या नांगराला किती ओढ लागते, हा आकडा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर मोजून पत्र्यावर ठोकायला लावावा. गिऱ्हाइकानं दुकानात तेवढा आकडा ट्रॅक्टरच्या वजनाशी ताडून पाहिला तरी निम्मी फसवणूक थांबेल.

बैलाकडं परत जा म्हणणारे मित्र आहेत माझे. पोळ्याला त्यांचा गळा दाटतो, माझाही दाटतो. पण 2019 च्या पशुगणनेत देशातला नर गोवंश 2012 च्या मानानं सुमारे 30 टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि आमच्या गावच्या पोळ्यात तोरणाखाली जोड्या मोजायला आता एका हाताची बोटं पुरतात. सालदार मिळत नाही, कुटार (भुसा-चारा) महाग. सहा बैल एका नांगराला जुंपायचे तर आता तीन गावं फिरावी लागतील.

एक गोष्ट मात्र पलटीनं सुटत नाही. उभ्या पट्टीत नांगर उभाच चालतो, उताराच्या दिशेनं, आणि प्रत्येक ओळ पाण्याला वाट होते. आडवं नांगरायचं म्हटलं तर 66 फुटांत वळायलाच कामाइतका वेळ जातो. यावर भावानंच तोड काढली. चौघांच्या पट्ट्यांमध्ये खरा धुरा नाहीच, नुसती खुंट्यांची रेघ आहे. चौघांनी एकाच वर्षी नांगरायचं ठरवलं तर आडवी रुंदी 264 फूट मिळते. मी हिशोब केला. एकरामागं वळणं 80 वरून 200 वर जातात, वेळ पाऊण तासानं वाढतो. तेवढ्यात नांगरट उताराला आडवी होते.

दोघं भाऊ तयार आहेत. तिसरा पुण्याला कंपनीत आहे, त्यानं फोनवर "करा तुम्हाले जसं जमते तसं" म्हटलं. चौथ्याचं मोठ्या भावाशी खुंटीवरून तीन वर्षं बोलणं नाही. परवा तो स्वतः माझ्याकडं आला, ओट्यावर बसला, चहा घेतला आणि इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "दादा, तो लहान नांगर खुंट्या न उपटता चालन का?"

मी सांगितलं, उपटाव्या लागतील. नांगरून झालं की मोजून पुन्हा ठोकू, टेप माझा.

तो विचार करतो म्हणाला. सोयाबीन अजून उभं आहे.